अँपच्या (अँप्लिफायरच्या) मागं ८ ओम लिहिलंय, घरात जुने ४ ओमचे स्पीकर आहेत. जोडले तर चालतील का?

चालतील, आवाज अर्ध्याच्या आत ठेवणार असाल तर. ओम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप, ओम कमी तितका करंट जास्त. मागं '४ ते १६' असं छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

पण 'ओम-बिम काही नसतं, वायर जोडली की वाजतं' असं तुमचा मित्र म्हणतो हे वाचलं आणि राहवलं नाही. हे वाक्य आमच्या दाजींचं आहे.

२००६चा मे महिना, सेलूला भाच्याचं जावळ. मशीन, म्हणजे अँप, मी स्वतः बांधलेली. २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या, खाली अभ्रकाच्या चकत्या, ट्रान्सफॉर्मर हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीतून आणलेला. ८ ओमवर दर चॅनलला (डावा एक, उजवा एक) ३० वॅट, घरापुरतं लई झालं. मी पंगतीत बसलो आणि इकडं दाजींनी, अंगणात आवाज जाईना म्हणून, डाव्या चॅनलला आणखी दोन स्पीकरचे डबे त्याच टोकांना लावले. पॅरलल. ८चे तीन पॅरलल म्हणजे २.६७ ओम. १६ व्होल्टला जिथं २ अँपिअर जायचे तिथं ६ मागायला लागले. डाव्या बाजूचा फ्यूज बिचारा उडाला, त्याचं काम त्यानं केलं. दाजींनी तिथं तांब्याची तार गुंडाळली. वर आमच्याकडचं ऊन, आणि मशीनच्या डोक्यावर कुणीतरी सतरंजीची घडी ठेवलेली. वाढपी मठ्ठा घेऊन माझ्यापर्यंत आला तेव्हा आवाज फाटला, मग नुसती भुणभुण, मग वास. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचा डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरतो. तिन्ही वूफर गेले.

दाजींचा निकाल: 'लाइट डिमफुल झाली.' आजही पाहुण्यांत हेच सांगतात. मी म्हणलं, दाजी, ट्रान्सफॉर्मर एक, लाइट एक. तीन डब्यांचा डावा मेला, एका डब्याचा उजवा वाजत राहिला. लाइटीला डावं-उजवं कळतं का? त्यावर त्यांनी मल्टिमीटर आणला, ८च्या डब्याला लावला, ६ दाखवलं. 'तुझं गणितच खोटं!' अहो, मल्टिमीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, ८च्या स्पीकरला तो ६च्या आसपासच येणार. इम्पीडन्स, म्हणजे गाणं वाजताना स्पीकरचा होणारा अडथळा, सुरागणिक वर-खाली होतो, ८ हा नावाला धरलेला आकडा. अक्का मध्ये पडली म्हणून मी गप बसलो.

तर तुमचं. जुळवायचं म्हणजे आकडा सारखाच पाहिजे असं नाही. स्पीकरचा ओम जास्त असला तर फक्त आवाज थोडा कमी येतो, कमी असला तर मशीन तापते. एका चॅनलला सारखेच दोन ४चे असतील तर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक, लावा, ८ होतात. हात ठेववेना इतकी तापली तर बंद करा. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला, नात्यातला असला तरी, मशीनच्या मागं जाऊ देऊ नका.

हां, व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा, अँप असेल तर वरचं सगळं विसरा. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे ४, ८ असे वेगळे टॅप (जोडायची टोकं) असतात, ४चा स्पीकर ४वरच लावायचा, आणि स्पीकर काढून तो कधी चालू करायचा नाही.

उजवा चॅनल अजून वाजतो, दाजी. त्याच ट्रान्झिस्टरवर.