पोस्टर रस्त्यावरचं, हक्क कुणाचा?

प्रश्न : गिरगाव, दादर, परळ इथल्या सिनेमा-नाटकांच्या पोस्टरचे फोटो मी काढतो. त्यांतले बारा निवडून दिनदर्शिका छापायची आणि विकायची आहे. पोस्टर भर रस्त्यात लावलेली, फोटो माझे. तरी परवानगी लागेल का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : लागेल. पोस्टर रस्त्यावर आलं म्हणून त्याचा कॉपीराइट सुटत नाही. अगदी विनापरवाना चिकटवलेल्या पोस्टरचाही नाही. चिकटवणाऱ्यावर मालमत्ता विरूपणाची केस होईल, पण चित्राचा हक्क शाबूत राहतो. तुमच्या फोटोत दोन हक्क आहेत : फोटोचा तुमचा, आतल्या चित्राचा दुसऱ्याचा.

'सार्वजनिक जागी आहे, मग चालतं' हा समज कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(टी) वरून आलेला दिसतो. पण विनापरवानगी फोटो काढून छापायची त्या कलमातली मुभा सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांना आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तूंनाच लागू आहे. इमारतींसाठी तशी मुभा त्याच कलमाच्या (एस) मध्ये आहे. रंगचित्र, रेखाटन, छायाचित्र या यादीत नाहीत, आणि पोस्टर त्यांतच मोडतं. शिवाय 'कायमस्वरूपी' ही अट! शुक्रवारी चढलेलं पोस्टर पुढच्या शुक्रवारी उतरतं.

म्हणून काळा घोडा चौकातल्या घोड्याच्या पुतळ्याचं पोस्टकार्ड तुम्ही छापू शकता, पण चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर २०१७ साली एदुआर्दो कोब्रा यांनी रंगवलेल्या गांधीजींचं नाही, कारण ते शिल्प नसून चित्र आहे. हा फरक विचित्र वाटतो, आम्हालाही वाटतो, पण कायद्याची भाषा तीच आहे.

'फोटोत पोस्टर दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर चालतं' असं छापखान्यात सांगतात. असा आकडा कायद्यात कुठेही नाही. रस्ता, माणसं, बस हाच विषय असेल आणि पोस्टर कोपऱ्यात आलं असेल तर धोका कमी होतो, इतकंच. तुमच्या दिनदर्शिकेत मात्र पोस्टर हाच विषय आहे. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. विकायच्या दिनदर्शिकेला ती सवलत मागणं अवघड.

परवानगी बहुतेक वेळा निर्मात्याकडे किंवा नाट्यसंस्थेकडे मागावी. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा किंवा फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो (कलम १७). पत्रात वापराचं स्वरूप, प्रतींची संख्या, छपाईचा आकार, मुदत आणि प्रदेश लिहा, आणि उत्तर सहीनिशी घ्या. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशातल्या मराठी मंडळांना प्रती पाठवणार असाल तर हे आधीच लिहून घ्या. नटाचा चेहरा असेल तर त्याचीही संमती घेतलेली बरी; तो हक्क कॉपीराइटपेक्षा वेगळा आहे.

प्रश्न : चोरबाजारातून जुनी पोस्टर विकत घेतली आहेत. त्यांचे फोटो छापता येतील का? — एक वाचक, भायखळा

उत्तर : तुम्ही कागद विकत घेतला, हक्क नव्हे. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, मग मालक निर्माता का असेना. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, म्हणजे त्यांनी स्वतः रंगवलेली पोस्टर २०१४ च्या अखेरीस मोकळी झाली. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवणारे चित्रकार एम. एफ. हुसेन २०११ साली गेले. त्यांची मुदत २०७१ अखेर. चित्रकाराचं नाव कळतच नसेल तर प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पण खालचा कोपरा भिंगाने पाहा, सही बहुधा तिथेच असते.

प्रश्न : शिवाजी मंदिरासमोर रील काढली, मागे नाटकांची पोस्टर आली. काढून टाकू? — एक वाचक, दादर

उत्तर : नको. चित्रीकरणासाठी कलम ५२(१)(यू) उदार आहे : पार्श्वभूमीला किंवा ओघात आलेली कोणतीही कलाकृती चालते, आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेली तर ठळक दाखवली तरी चालते. चर्चगेटचे गांधीजी रीलमध्ये चालतील ते त्यामुळेच. पोस्टरवर कॅमेरा रोखून बसू नका, म्हणजे झालं. आणि थंबनेलसाठी नुसतं पोस्टर असलेली फ्रेम निवडू नका. ती फ्रेम स्थिर चित्र म्हणून वापरली की (यू) ची ढाल पुरेलच असं नाही.