पाकीट बुरसलं, टाकून देऊ का?

प्रश्न : ताई, मी म्हापशाचा. बाबांनी दिलेलं लेदरचं पाकीट कपाटात जपून ठेवलेलं, जुलैत काढलं तर त्यावर पांढरी बुरशी. आणि रोजच्या वापरातलं जे आहे त्याचं काळं आवरण खपल्या होऊन खिशात पडतंय. दोन्ही टाकू का?

उत्तर : बाबांचं अजिबात टाकू नका हो! गोव्याच्या पावसात लेदरला बुरशी येणारच, त्यात कपाट बंद म्हणजे हवा नाही. आधी बाल्कनीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, घरात झटकलंत तर ती बुरशी सगळीकडे उडेल, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडकं नुसतं ओलसर करायचं आणि शिवणीच्या फटी, कार्डांचे कप्पे सगळं पुसून पंख्याखाली सुकवायचं. आधी एका कोपऱ्यात करून बघा, कधीकधी डाग पडतो. कडक उन्हात नको, चामडं तडकतं. आणि खोबरेल तर चोपडूच नका, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला तेच लावतात! ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, सुती कापडात, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी.

दुसरं बहुतेक लेदर नसणार, पीयू असेल. कापडावर पॉलियुरेथेनचा थर, दमट हवेने तो सुटतो, नुसतं पडून राहिलं तरी. गम लावून काही होत नाही, ते टाका.

आणि स्कूटरवर पाकीट मागच्या खिशात नको, रेनकोट घातला तरी सीटवरचं पाणी तिथेच मुरतं, मग बसमध्ये कंडक्टरला ओली चिकटलेली पन्नासची नोट सोलून द्यावी लागते.