डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला इनडोअर ट्रॅम्पोलीन पार्कमध्ये नेता येतं का? तिथे आत घेतात का?

तुमचा मुलगा ७ वर्षांचा, तुम्ही चिपळूणच्या, आणि सुट्टीत चुलत-मावस भावंडांबरोबर त्यालाही न्यायचंय असं तुम्ही लिहिलंय. नेता येतं, पण मान तपासून घेतल्याशिवाय नाही. आणि आत घेतात का, ते बऱ्याचदा तुम्ही काउंटरवर किती वेळ उभ्या राहता त्यावर ठरतं. माझी लेक ११ वर्षांची आहे, तिलाही डाउन सिंड्रोम आहे. आम्ही रत्नागिरीचे.

मानेचं आधी सांगते. आपल्या मुलांचे सांधे ढिले असतात हे तुम्हाला माहीतच आहे. तोच ढिलेपणा मानेतल्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये असू शकतो. डॉक्टर त्याला अटलांटो-अ‍ॅक्सियल इन्स्टॅबिलिटी म्हणतात. जोरात उडी मारून मान झटकली गेली तर तिथे मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. मान दुखणं, मान एका बाजूला कलती धरणं, चाल बदलणं, हातातली ताकद कमी होणं, आधी सांगणाऱ्या मुलाला अचानक शी-शू न कळणं, यातलं काहीही दिसलं तर पार्क राहू दे, आधी डॉक्टर. आमच्या डॉक्टरांनी तिला चालवून, हातपाय तपासून पाहिलं, मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले आणि मग पत्र दिलं. त्यात कोलांट्या नाहीत, डोक्यावर-पाठीवर पडायचं नाही, ट्रॅम्पोलीनच्या एका जाळीवर ती एकटीच, असं स्पष्ट लिहून घेतलं. एक्स-रे एकदा चांगला आला म्हणून जन्मभर निर्धास्त राहू नका, असंही त्यांनी बजावलं. पुढे काही लक्षण दिसलं तर पुन्हा तपासायचं.

आता काउंटरचं.

मे महिना होता. मुंबईहून दीर-जाऊ मुलांना घेऊन गावी आले होते. ऊन मी म्हणत होतं, दुपारभर पोरं घरात एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. त्यांनी मोबाईलवर ट्रॅम्पोलीन पार्क पाहिलं आणि आंबा घाट चढून पलीकडे जायचं ठरलं. गाडीत कोण कुठे बसणार याची चर्चा चालली तेव्हा दीर सहज म्हणाले, "ही राहील की आजीजवळ, तिला काय कळणार त्यातलं." माझी लेक तिथेच उभी होती. चप्पल घालून. मी काही बोलले नाही, तिची फाईल पिशवीत टाकली आणि तिला घेऊन गाडीत बसले.

पार्कात मुलांनी तिकिटं घेतली, ग्रिपचे मोजे घेतले, मनगटाला पट्टे बांधले. हमीपत्रावर सह्या झाल्या. आमची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, अशा मुलांना अलाऊड नाही." मी विचारलं, "कशा?" त्याला सांगता येईना. मी म्हटलं, नियम दाखव. भिंतीवर पाटी होती: गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन झालेले. डाउन सिंड्रोम कुठेही नव्हतं. मानेच्या दुखण्याचा नियम योग्यच आहे आणि त्याचं उत्तर माझ्या फायलीत होतं. पण ते पत्र त्यानं हातातसुद्धा घेतलं नाही. एक चेहरा पाहून त्याचा निर्णय झाला होता.

मी हटले नाही. मागे रांग वाढत होती, लोक बघत होते. आत आमचीच मुलं उड्या मारत होती आणि माझी लेक काचेला नाक लावून त्यांना हाका मारत होती. तेवढ्यात दीर आले. ते वाईट नाहीत, हे आधी सांगते. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला फोन करतात. ते म्हणाले, "वहिनी, सोडा ना. कशाला तमाशा? आपण तिला आइस्क्रीम देऊ, ती खूश होईल."

मला त्या काउंटरवरच्या पोराचा एवढा राग आला नाही, जेवढा या वाक्याचा आला. कारण हे वाक्य मी तिच्या जन्मापासून ऐकतेय. शिमग्याला पालखी अंगणात नाचते, ढोल वाजतात, तेव्हा "गर्दीत नको, तिला खोलीत बसवा, हातात बिस्किटं द्या." लग्नात "स्टेजवर नको, फोटोत डोळे मिटते, तिला लाडू द्या." खाऊ देऊन बाजूला बसवणं म्हणजे काळजी, असं आमच्या घरात सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटतं. मी तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, आइस्क्रीम ती उड्या मारून झाल्यावर खाईल."

मग मी काउंटरवर सांगितलं की नकार लेखी द्या, खाली सही आणि हुद्दा लिहा. लेखी म्हटल्यावर मॅनेजर बाहेर आला. त्यानं पत्र वाचलं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तो माणूस समजूतदार निघाला. कोपऱ्यातली एक जाळी रिकामी करून दिली, एक मुलगी सोबत दिली, वरचा स्पीकर बंद केला. मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून लेकीनं मोजे उलटे घालायचे ठरवले तर ग्रिप आत गेली, मग तिच्या रोजच्या पातळ मोज्यांवरून ते चढवले. चष्म्याला मागून इलॅस्टिक लावलं. आधी बसूनच उडत राहिली, मग गुडघ्यांवर, मग त्या मुलीचे दोन्ही हात धरून उभी. प्रत्येक उडीला "अजून" म्हणत होती. फोमच्या ठोकळ्यांनी भरलेल्या खड्ड्यात मात्र मी जाऊ दिलं नाही, रडली तरी नाही. ज्याच्या स्नायूंत ताण कमी आहे ते मूल त्या ठोकळ्यांत रुततं, त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि आत कसं पडेल ते आपल्या हातात नसतं.

तेव्हा शेजारच्या जाळीवर काय चाललं होतं तेही सांगते. तीन मोठी पोरं एकाच जाळीवर, त्यांच्यामध्ये एक चार-पाच वर्षांचं मूल, आणि शिट्टीवाला मोबाईलमध्ये. धोका तिथे होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली ट्रॅम्पोलीनवर निवेदन काढलं, त्यात म्हटलंय की सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एका जाळीवर एकापेक्षा जास्त जण असताना होतात, आणि त्यात सगळ्यात लहान मुलाला बाकीच्या मोठ्यांपेक्षा दुखापतीची शक्यता १४ पटीपर्यंत जास्त असते. म्हणून माझा हट्ट एकाच गोष्टीचा: एक जाळी, एक मूल. तुमच्या मुलाबरोबर त्याच जाळीवर लाडका दादासुद्धा नको.

परत येताना घाटात दीर म्हणाले, एवढीच हौस आहे तर अंगणात एक ट्रॅम्पोलीन घेऊन टाकू, घरच्या घरी सुरक्षित. हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. ऐकू नका. त्याच निवेदनात घरच्या ट्रॅम्पोलीनला स्पष्ट विरोध आहे. मोठं माणूस बाजूला उभं असतानाही मुलं पडतात. घर म्हणजे सुरक्षित आणि बाहेर म्हणजे धोका, ही समजूत आपल्या मुलांच्या बाबतीत फार लवकर पक्की होते, आणि मग त्यांचं सगळं जग अंगणाएवढंच राहतं. माझ्या लेकीला उड्यांपेक्षा भावंडांबरोबर जायचं होतं. नुसता व्यायाम हवा असेल तर आमच्या रत्नागिरीच्या भाट्यासारख्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत चालवा, पैसे पडत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम ३ प्रमाणे केवळ दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही, आणि लोकांसाठी खुली असलेली खासगी इमारतही त्या कायद्यात सार्वजनिक इमारत धरली जाते. पण त्याच कलमात सूट आहे: योग्य हेतूसाठी आणि त्या प्रमाणातच असेल तर अडवता येतं. म्हणजे मानेच्या धोक्यासाठी डॉक्टरांचं पत्र मागणं मला मान्य आहे. पत्र न वाचता हाकलणं मान्य नाही. तक्रार पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

वयाचंही लक्षात ठेवा. ६ वर्षांखालच्या कुठल्याच मुलाला ट्रॅम्पोलीन नको म्हणतात, आणि डाउन सिंड्रोम असेल तर त्यानंतरही जाणकार माणूस जवळ असेल तरच. तुमचा मुलगा ७ वर्षांचा म्हणजे आत्ताच ती रेषा ओलांडलेला. डॉक्टर नाही म्हणाले तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि त्यांचं ऐका.

इतर पालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाणारा आजार) किंवा ठिसूळ हाडांचा आजार असेल तर ट्रॅम्पोलीन नकोच. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर ऑडिओलॉजिस्टला आधी विचारा, घर्षणानं तयार होणाऱ्या विजेचा त्याला त्रास होऊ शकतो, बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवायला सांगतात. स्वमग्न मुलाला उड्यांपेक्षा आवाजाचा त्रास होऊ शकतो.

तुम्ही आदल्या दिवशी फोन करा, मॅनेजरशीच बोला, सुट्टीचा दिवस टाळून सकाळची पहिली वेळ मागा. पत्राची झेरॉक्स त्यांच्याकडे द्या, मूळ प्रत स्वतःकडे. आणि बरोबर येणाऱ्या नातेवाइकांना घरातून निघतानाच सांगून ठेवा की काउंटरवर तुम्ही बोलत असताना मध्ये पडायचं नाही.