इंग्रजी बोलण्याचे मार्क शिक्षक नेमके कशावर देतात?

तुमच्या पुतण्याला दहावीत इंग्रजीच्या तोंडीला 20 पैकी 19 होते आणि आता परदेशी शिकायला जाताना लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला (बोलण्याला) नऊपैकी जेमतेम साडेपाच बँड, म्हणजे गुण, आले, म्हणून तुम्ही विचारताय की शिक्षक मोजतात तरी काय. मी दिवसा शाळेत इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी आयईएलटीएसची मुलं घेते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

शाळेतल्या तोंडीचं आधी उरकते. वर्गात पन्नास-साठ मुलं, एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं आली तरी खूप. त्यात पाठ केलेली कविता किंवा 'माय सेल्फ'ची पाच वाक्यं. शिवाय लेखीत अडकणाऱ्या पोराला हेच गुण तारतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 2018-19 मध्ये बोर्डाने भाषांचे तोंडीचे गुण काढले, 2019 चा दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर उतरला आणि पुढच्याच वर्षी ते 20 गुण परत आले. तेव्हा त्या 19 वरून बोलण्याचा अंदाज बांधू नका.

आयईएलटीएसमध्ये परीक्षक एकट्या तुमच्याशी 11 ते 14 मिनिटं बोलतो. आधी घर, गाव, काम असले साधे प्रश्न. मग हातात विषय लिहिलेलं एक कार्ड, विचाराला एक मिनिट आणि दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलात चर्चा. सगळं रेकॉर्ड होतं. गुण चार गोष्टींना आणि चारींना सारखंच वजन: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. ओघाला 5, शब्दांना 6, व्याकरणाला 5, उच्चारांना 6 पडले की सरासरी साडेपाच.

यात ओघाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. भराभर बोलणं म्हणजे ओघ नव्हे. थांबायलाही हरकत नाही. माणूस कशासाठी थांबतो, ते आम्ही ऐकतो. काय सांगावं याचा विचार करायला थांबला तर वरच्या बँडलाही ते चालतं. साधा शब्द किंवा क्रियापदाचं रूप शोधायला सारखा थांबत असेल, तर बँड खाली येतो.

आणि पाठांतर? ते लगेच कळतं. माझ्याकडच्या एका मुलाला सरावात सणाचं कार्ड आलं. गडी दिवाळीवर सुरू झाला, 'फेस्टिव्हल ऑफ लाइट्स', 'व्हिक्टरी ऑफ गुड ओव्हर इव्हिल', सगळं एका सुरात, स्वल्पविरामासकट. मी विचारलं, तुमच्याकडे चकली कोण करतं? गाडी थांबली. मग म्हणाला, "माय आजी... शी मेक... मेक्स, बट लास्ट इयर शी वॉज इल, सो वुई ब्रॉट फ्रॉम शॉप अँड नोबडी लाइक्ड." चुका मोजाल तर यात बऱ्याच आहेत. पण स्वतःची चूक स्वतः सुधारली, कारण दिलं, घडलेलं क्रमाने सांगितलं. मार्क द्यायला मला हे एक वाक्य पुरतं. आधीच्या भाषणावरून त्याची पाठांतराची ताकद तेवढी कळली.

व्याकरणातही नुसत्या चुका मोजत नाहीत. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. चूक आहे, पण अर्थ कुठेच अडत नाही. उलट चुकायला नको म्हणून चार-चार शब्दांची वाक्यं बोलणारा मुलगा वर चढत नाही, कारण वाक्यांची विविधताही बघतात. उच्चारांचं म्हणाल तर मराठी वळण असल्याबद्दल कोणी गुण कापत नाही. ऐकणाऱ्याला समजून घ्यायला कष्ट पडले तर कापतात. ॲक्सेंट सुधारून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

घरी तपासायचं असेल तर पुतण्याला आयत्या वेळी विषय द्या आणि दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना तो कुठे अडला आणि कशासाठी, ते लिहून काढा. शब्दांसाठी अडत असेल तर रोज थोडं इंग्रजी ऐकणं आणि मोठ्याने बोलणं, दुसरा इलाज नाही. मुद्देच सुचत नसतील तर तोच विषय मराठीत बोलायला लावा. तिथेही अर्ध्या मिनिटात गप्प झाला तर इंग्रजीचा क्लास लावून काही होणार नाही.