माझं लग्न १४ डिसेंबरला आहे. लग्नाच्या १५ दिवस आधी भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने केसांसारख्या रेघा मारून कातडीत रंग भरणं) केलं तर चालेल का? आधी तयारी काय करावी आणि भरून यायला किती दिवस लागतात?

नाही चालणार. लग्न १४ डिसेंबरला आहे असं लिहिलंयस, तर पहिलं सिटिंग सप्टेंबरमध्येच उरकून घे, नाहीतर सरळ लग्न झाल्यावर कर. एकेरीत बोलतेय, राग मानू नकोस, आमच्या वहिनीच्या वयाची असशील आणि तिच्याच लग्नाची ही गोष्ट आहे.

सांगलीतलं मे महिन्यातलं लग्न. मला थायरॉइड, त्यात भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात तशी माझी जवळजवळ गेलीच होती, वर कॉलेजपासूनचं थ्रेडिंग. रोज सकाळी पेन्सिलने भुवई काढायची आणि दुपारपर्यंत घामाने ती कानाकडे ओघळायची. मी करवली, म्हणजे भावाच्या शेजारी प्रत्येक फोटोत मी, म्हणून लग्नाच्या ७ दिवस आधी जाऊन करून आले. हौस म्हणून नाही केलं हे आमच्या ताईला आजही पटत नाही, पण ते पुढे सांगते.

जिथे केलं तिथलं नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी आकार सुंदर आखला, आरशात दाखवला, नंबिंग क्रीम लावून नीट थांबल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण विचारलं काय, तर काहीच नाही! पॅच टेस्ट (रंग सोसतो का ते आधी थोड्याशा कातडीवर बघणं) नाही, औषधं कोणती चालू आहेत ते नाही. मी त्या वेळी वांगासाठी रोज रात्री ट्रेटिनॉइन क्रीम लावत होते, गालावर आणि पार भुवयांपर्यंत. त्याने कातडी नाजूक होते, त्यामुळे ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल किमान २ आठवडे आधी बंद करावं लागतं, ४ केलेस तर उत्तम. हे मला माहीत नव्हतं, त्यांना माहीत असायला हवं होतं. डाव्या भुवईतून रक्त थांबेचना, त्या सारखा कापूस टेकवत होत्या, आणि रक्ताबरोबर भरलेला रंगही बाहेर येतो, बसत नाही.

पहिले ३ दिवस भुवया मार्करने काढल्यासारख्या काळ्याकुट्ट, ते ठीक, तसंच होतं. पाचव्या दिवशी खाज सुटली. मी हात लावला नाही. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून सुती मोजे हातात घालून झोपायचे, आईने बघितलंय.

सहाव्या दिवशी हळद. भावाला लावून उष्टी हळद मुलीकडे रवाना झाली आणि उरलेली वाटी घेऊन मामेबहिणी माझ्यामागे लागल्या, एकीने मागून धरलं आणि दुसरीने कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच हात फिरवला, तेलात कालवलेली हळद. मी घाबरून मागच्या नळाखाली तोंड धरलं, पिवळं राहू नये म्हणून चांगली धार सोडली. मग टॉवेलने नुसतं टिपलं, चोळलं नाही, तर टॉवेलवर ५-६ तपकिरी खपल्या, एकेका केसाच्या आकाराच्या, बारीक, वाकड्या. भिजून वेळेआधी सुटल्या होत्या. उजवीकडच्या तशाच राहिल्या.

महिन्याने उजवीचा रंग छान वर आला आणि डावीत मसुरीच्या दाण्याएवढ्या दोन मोकळ्या जागा. दाखवायला गेले तर बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "तुम्ही खाजवलंय." ताई सोबत होती, ती लगेच, "हिने कांजिण्यांच्या खपल्यापण अशाच काढल्या होत्या." कांजिण्या आल्या तेव्हा मी ७ वर्षांची होते!! तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, विषय निघतोच, की हौस केली आणि स्वतःच वाटोळं केलं. पुढे वांगासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या की ट्रेटिनॉइन, रक्त आणि भिजलेल्या खपल्या, एवढं पुरे आहे, न खाजवताही असंच झालं असतं. ताई, तू हे वाचत असशील तर परत वाच.

म्हणून माझं स्पष्ट मत, जी आर्टिस्ट आधी प्रश्न विचारत नाही तिच्याकडे करूच नको, फोटो कितीही सुंदर असोत. टच-अप मी दुसरीकडे केलं, तिथे दोन पानी फॉर्म भरून घेतला, स्किन ऑइली आहे का, मूल होऊ द्यायचा विचार आहे का, जखमेचा व्रण वाढतो का, शुगर आहे का, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या (त्या बंद करून ६ महिने तरी जाऊ द्यावे लागतात). ऑइली स्किनवर बारीक रेघा काही महिन्यांत पसरतात, तिथे पावडर शेडिंग (रेघांऐवजी बारीक ठिपक्यांनी रंग भरणं) बरं, हेही मला तिथेच कळलं.

तुझ्या तारखांचं म्हणशील तर वरची कातडी १० ते १४ दिवसांत भरते. खपल्या गेल्या की रंग इतका फिका दिसतो की पैसे बुडाले असं वाटून रडू येतं, तेव्हा कुणाचंही ऐकून घाईने परत भरून घेऊ नकोस, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात तो वर येतो. टच-अप ६ ते ८ आठवड्यांनी. म्हणजे १५ दिवस आधी केलंस तर बोहल्यावर तू त्या फिक्या रंगातच उभी राहशील. पहिले १० दिवस जिम, स्विमिंग, कुकरची वाफ, ऊन, सगळ्यापासून लांब. आर्टिस्ट देईल तेच मलम तांदळाएवढं, आजी म्हणेल ते खोबरेल नको. आदल्या दिवशी दारू नको, त्या दिवशी चहा-कॉफीपण नको, रक्त जास्त येतं म्हणून. पण रक्त पातळ व्हायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. ओठांतही असा रंग भरतात, ते मी केलेलं नाही, पण ज्यांना ओठांवर तापाचे फोड उठतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, नाहीतर सुई लागल्यावर ते पुन्हा उठतात.

लालसरपणा आणि थोडी सूज २ दिवस असतेच. त्यानंतर ती वाढत गेली, पू आला, ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. आणि कधी एमआरआय करायची वेळ आली तर भुवयांत रंग भरलाय हे तिथे आधी सांग, काही रंगांत लोह असतं.

सप्टेंबर जमलं तरी टच-अप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईल, त्याच्या आणि हळदीच्या मध्ये ३ आठवडे तरी मोकळे ठेव. तसं नाहीच जमलं तर मामेबहिणींना आधीच बजावून ठेव, हळद आंब्याच्या पानाने, फक्त गालाला.