कुवेतचा अकामा आणि वळिवड्याचा कॅम्प

भावा, तुझे प्रश्न दोनदा वाचले. आयटीआय फिटर, शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं मशीन शॉपला, आता मुंबईच्या एजंटाकडून कुवेतची ऑफर, पगार 180 दिनार. जाऊ का, बायको आणि पोरीला कधी नेता येईल, हे दोन प्रश्न मला सगळेच विचारतात. तिसरा तुझा स्वतःचा आहे: सीरियाची माणसं युद्धातून पळून, जीव धोक्यात घालून जर्मनीपर्यंत गेली, मग शेजारच्या या श्रीमंत देशांनी त्यांना का घेतलं नाही, आणि अशा देशात राहणं मनाला पटतं का? आधी तिसऱ्याचं सांगतो. ते कळलं की इथे तुझी जागा काय असेल, तेही कळेल.

मी एकोणीस वर्षं कुवेतच्या फरवानियात राहतोय, एसी प्लांटच्या मेंटेनन्सला. इथे बाहेरचा माणूस राहतो तो अकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, आणि अकामा कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, हातात. नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही, की अकामा गेला, मग विमान. या व्यवस्थेत निर्वासित नावाचा रकानाच नाही. आखातातल्या सहाही देशांनी 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. (भारतानेही नाही केलेली, तरी 1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना आपण आत घेतलं.) सीरियन माणसं इथे लाखाच्या वर आहेत, पण कामगार आणि त्यांची कुटुंबं म्हणून. सौदीनेही 2015 साली सांगितलं होतं की 2011 पासून आम्ही पंचवीस लाख सीरियनांना येऊ दिलं, फक्त त्यांना निर्वासित म्हणत नाही. तंबूत बसवण्यापेक्षा काम दिलेलं बरं, हे मलाही मान्य. पण ज्याला काम करता येत नाही त्याचं काय?

माझ्या शिफ्टचा फोरमन सीरियातल्या होम्सचा. युद्धात घर पडलं, भाऊ तुर्कस्तानमार्गे जर्मनीला गेला, म्हातारी आई लेबनॉनच्या बेका खोऱ्यात एका खोलीत राहिली. तिला इथे आणायला त्याने दोन वर्षं खेटे घातले. पगार होता, घर होतं, तिच्यासाठी वेगळा पलंगसुद्धा घेऊन ठेवला होता. व्हिसा झाला नाही. ती गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं चिलर रूममध्ये होतो. त्याने फोन खिशात ठेवला आणि हातातला व्हॉल्व्ह पूर्ण बसवला, मगच खाली बसला. त्या दिवसापासून या विषयावर मला तटस्थ राहता येत नाही.

लेबनॉनची स्वतःची वस्ती चाळीस-पंचेचाळीस लाखांची, तिथे दहा लाखांहून जास्त सीरियन नोंदले गेले. जॉर्डनमध्ये प्यायच्या पाण्याची मारामार, तरी त्यांनी 2012 ला झातारीची छावणी उभी केली. तुर्कस्तानने पस्तीस लाखांवर माणसं घेतली. कुवेतने पैसा दिला, आणि तो थोडा नव्हता. 2015 च्या मदत परिषदेत एकट्या कुवेतने 50 कोटी डॉलर जाहीर केले. पण पैशाने त्या म्हातारीला मुलाजवळ झोपता आलं नाही.

निर्वासित घ्यायची कुवेतची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इथे दहातले सात माणसं बाहेरचे. 1990 आधी चारेक लाख पॅलेस्टिनी होते. इराकच्या सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा त्यांच्या नेत्यांनी त्याची बाजू घेतली आणि युद्धानंतर बहुतेकांना जावं लागलं. नेत्यांची शिक्षा साध्या मास्तर-इंजिनियरांनी भोगली. आलेला माणूस कायमचा राहील, ही धास्ती तेव्हापासून पक्की आहे. तरीही 2 ऑगस्ट 1990 विसरून कसं चालेल? त्या दिवशी इराकी रणगाडे आत आले आणि कुवेतीच निर्वासित झाले. सौदीने त्यांना घरं दिली, हॉटेलं उघडली, त्यांचं सरकार ताइफमधून चाललं. आपले पावणेदोन लाख भारतीयही जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानाने घरी आले. जॉर्डनने वाट दिली नसती तर?

आणि आपण तर कोल्हापूरचे. तू उचगावचा, गांधीनगर तुझ्या दारात. 1943 ते 1948 वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार माणसांचा कॅम्प होता, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. सुरुवातीला खर्च दुसऱ्या महायुद्धात लंडनला आसरा घेतलेल्या पोलिश सरकारचा होता हे खरं, पण जागा आणि शेजार आपला. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं तिथे. माझी आजी तिथे दूध घालायची. 'पोरं गोरीपान, पण भूक आपल्यासारखीच,' असं ती सांगायची. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि त्यांनी गांधीनगरची कापडपेठ उभी केली. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथेच जातो. तेव्हा कोल्हापूर श्रीमंत नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घ्यायला हवं होतं. सगळ्यांना नाही जमलं तरी इथे राबणाऱ्यांच्या आईबापांना आणि विधवा बहिणींना तरी. डिसेंबर 2024 मध्ये सीरियात असदची सत्ता गेली, काही जण परत निघाले. पण आता सुदान पेटलंय आणि प्रश्न तोच आहे.

मग तू यावंस का? कर्ज फेडायला, घर बांधायला चार-पाच वर्षांसाठी ये. मीही त्यासाठीच आलो आणि या देशाने माझी मजुरी दिली, हे मी मान्य करतो. पण इथलं होऊन राहायच्या हिशोबाने येऊ नको. 180 दिनार म्हणजे आजच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या आसपास. बायको-पोरीचं आत्ता डोक्यातून काढ. 2024 ला फॅमिली व्हिसा पुन्हा सुरू झाला तेव्हा पगाराची अट 800 दिनारची होती.

एजंटाचं लायसन्स ई-मायग्रेट पोर्टलवर बघ. त्याला कायद्याने तीस हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. जास्त मागितले तर उठून ये. 'आझाद व्हिसा' म्हणाला तर त्याच्याशी बोलूच नको. एकाच्या नावावर येऊन दुसरीकडे काम करणं इथे गुन्हा आहे, पकडतात ते तुला, त्याला नाही. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला बंदी आहे, ती पाळतात का हे त्या कंपनीत काम करणाऱ्या एखाद्याला विचार. पासपोर्टची रंगीत झेरॉक्स आईकडे ठेव.

कराराची अरबी पानं सही करायच्या आधी मला पाठव. इंग्रजीत एक आणि अरबीत दुसरंच असं मी पाहिलंय. मला अरबी बोलता येतं, वाचता येत नाही. होम्सचा फोरमन वाचून देईल, त्याला सांगून ठेवलंय.