आउटलुकमध्ये कॉन्फरन्स रूमचं बुकिंग: बोलावणं खोलीलाही गेलं पाहिजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातारा एमआयडीसीत कारखाना, पोवई नाक्याजवळ छोटं ऑफिस, दोन्हीकडे मिळून तीन कॉन्फरन्स रूम, मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीपासून घेतलेलं. सगळे मीटिंगच्या निमंत्रणात रूमचं नाव लिहितात, तरी एकाच वेळी दोन टीम दारात उभ्या राहतात. हे कसं थांबवायचं?

मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. आमचंही अगदी असंच होतं. एकदा पुण्याहून ग्राहकाची माणसं ऑडिटला आली, तर मोठ्या रूममध्ये नव्या मुलांचं सेफ्टी ट्रेनिंग चालू. क्वालिटीच्या साहेबांनी निमंत्रणात 'कृष्णा हॉल' लिहिलं होतं, एचआरच्या मॅडमनी रिसेप्शनवरच्या वहीत. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं. पाहुणे वीस मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभे होते. त्याच आठवड्यात मी हे काम हातात घेतलं.

मूळ गोष्ट ही की लोकेशनच्या रकान्यात हाताने रूमचं नाव लिहिलं म्हणजे बुकिंग झालं नाही. ती नुसती अक्षरं. आउटलुकच्या दृष्टीने रूम हा एक निमंत्रित असावा लागतो. त्याचा स्वतःचा मेलबॉक्स, स्वतःचं कॅलेंडर. तुम्ही त्याला बोलावणं धाडायचं आणि त्याने 'येतो' किंवा 'जमत नाही' असं उत्तर द्यायचं. हे उत्तर आल्याशिवाय रूम तुमची नाही. पुढचं सगळं सेटिंग यासाठीच.

मायक्रोसॉफ्ट ३६५च्या ॲडमिन सेंटरमध्ये (जिथून ॲडमिन कंपनीची खाती आणि सेटिंग सांभाळतो) 'रिसोर्सेस'खाली 'रूम्स अँड इक्विपमेंट' आहे. तिथे प्रत्येक रूम वेगळी तयार करा: नाव, ईमेल, किती माणसं बसतात, कुठे आहे. रूमच्या मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, त्यामुळे साहेबांकडून खर्चाची मंजुरी आणायची गरज नाही. फक्त त्या खात्याचं साइन-इन ब्लॉक करून ठेवा. मग बुकिंग ऑप्शन्समध्ये ऑटो-ॲक्सेप्ट चालू करा. रूम मोकळी असेल तर लगेच होकार जातो. भरलेली असेल तर नकार, आणि त्यात आधीचं बुकिंग कोणाचं हेही येतं.

नाव देताना आधी जागा, मग रूम, मग माणसं: 'पोवई नाका – छोटी रूम – ६'. आमचं दुसरं ऑफिस विश्रामबागला आहे. सुरुवातीला जागा न लिहिल्यामुळे कुपवाडच्या मंडळींनी तिथली रूम बुक करून ठेवली होती. शक्य असेल तर पॉवरशेलमधून (कमांड टाइप करून सेटिंग बदलायचं ॲडमिनचं साधन) दोन्ही ठिकाणांची वेगळी रूम लिस्ट बनवा, म्हणजे रूम फाइंडरमध्ये, म्हणजे आउटलुकच्या रूम शोधायच्या यादीत, आधी ठिकाण निवडता येतं. हे बदल दिसायला एखादा दिवस लागू शकतो. लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा करत बसू नका.

आता जिथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला ते सांगतो.

पहिलं, रोजच्या मीटिंगा. प्रॉडक्शनच्या साहेबांनी रोज सकाळी साडेनऊची मीटिंग टाकली, शेवटची तारीख न देता. रूमने अख्खी मालिका नाकारली. कारण बुकिंगची मुदत मुळात १८० दिवसांची असते आणि मालिका त्यापलीकडे गेली की पूर्ण नकार येतो. मुदत १०८० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण माझं मत विचाराल तर वाढवू नका. लोकांना सहा महिन्यांच्या आतली शेवटची तारीख घालायला लावा. सहा महिन्यांनी ती मीटिंग खरंच लागते का, हा विचार त्यानिमित्ताने होतो आणि रूम मोकळ्या होतात. शिवाय मालिकेतला एकच दिवस आधीच्या बुकिंगला आडवा आला तरी सगळी मालिका नाकारली जाते. तेवढेच दिवस नाकारून बाकीचे घ्यायचे असतील तर पॉवरशेलमध्ये किती टक्के आणि किती वेळा टक्कर चालेल, हे दोन्ही आकडे भरावे लागतात. मुळात दोन्ही शून्य असतात आणि एकच भरून भागत नाही.

दुसरं, फोल्डिंग पार्टिशन. आमच्या 'कृष्णा' आणि 'वारणा' या रूममध्ये असं पार्टिशन आहे. ते सरकवलं की चाळीस माणसांचा हॉल होतो. कृष्णा-वारणेचा संगम हरिपूरला, म्हणून त्या हॉलला 'हरिपूर' नाव देऊन मी तिसरी रूम तयार केली. नाव सगळ्यांना आवडलं, पण ती चूक होती. हरिपूर म्हणजेच कृष्णा अधिक वारणा, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? एकाने हरिपूर घेतलं, दुसऱ्याने वारणा, आणि दोघांनाही होकार गेला. शेवटी तिसरी रूम काढून टाकली. मोठा हॉल हवा असेल तर एकाच निमंत्रणात दोन्ही रूम घालायच्या आणि दोन्हींचा होकार बघायचा. तुमच्याकडे असं पार्टिशन असेल तर सुरुवातीपासून हेच करा.

तिसरं, रूमच्या कॅलेंडरवर कोणालाही थेट लिहिण्याची परवानगी देऊ नका. आम्ही रिसेप्शनला दिली होती. कॅलेंडर उघडून सरळ नोंद केली की रूमला निमंत्रण जातच नाही, त्यामुळे ती टक्कर तपासत नाही आणि डबल बुकिंग परत सुरू. एखादी रूम मंजुरीनेच द्यायची असेल, समजा डायरेक्टरांच्या शेजारची, तर तिचं ऑटो-ॲक्सेप्ट बंद करून डेलिगेट, म्हणजे रूमच्या वतीने मंजुरी देणारी माणसं, नेमा. विनंती त्यांच्याकडे जाते, ते होकार देतात.

मुळात इतरांना रूम फक्त 'बिझी' दिसते, त्यामुळे कोणी घेतली हे कळायला चार फोन करावे लागतात. रूमच्या कॅलेंडरची डीफॉल्ट परवानगी, म्हणजे बाकी सगळ्यांना मिळणारी, 'लिमिटेड डिटेल्स' करा. मीटिंगचा विषय काढून त्या जागी बोलावणाऱ्याचं नाव घालायची रूमला मुळातच सवय असते. त्यामुळे लोकांना नाव दिसतं, पगारवाढीची चर्चा आहे की कोणाची चौकशी हे उघड होत नाही. हे सेटिंग बदलू नका.

कोणी नोकरी सोडली तर त्याचा मेलबॉक्स काढण्याआधी त्याने ठेवलेल्या पुढच्या मीटिंगा पॉवरशेलमधून रद्द करा. नाहीतर माणूस गेला तरी दर मंगळवारी रूम त्याच्याच नावावर अडकून राहते.

राहिली वही. एक शुक्रवार ठरवा, त्या संध्याकाळी वहीतली पुढची सगळी बुकिंग ज्याच्या त्याच्याकडून आउटलुकमध्ये निमंत्रण पाठवून भरून घ्या आणि वही कपाटात ठेवा. आम्ही महिनाभर दोन्ही चालू ठेवली, त्या महिन्यात गोंधळ आधीपेक्षा वाढला. रिसेप्शनच्या मॅडमना मात्र नवी पद्धत सगळ्यात आधी, शेजारी बसून शिकवा. आमच्याकडे त्यांनीच सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, 'रूमचा होकार आलाय का ते दाखवा, मग किल्ली देते.' दोन आठवड्यांत सगळे निमंत्रणाने बुकिंग करू लागले.